पाटाची चौथी बाजू

९ जुलै
ह्यांचं वर्षश्राद्ध काल आटोपलं. पाहुणे गेले. घरात परत आये, म्हणजे सासू, आणि मी, आणि टोपलीभर उरलेले वडे.

मागच्या पडवीचं कुलूप आज काढलं. वर्षभर काढलं नव्हतं. कुलूप गंजलेलं, खोबरेल ओतलं तेव्हा सुटलं. आत सगळं जसंच्या तसं. ह्यांनी स्वतः केलेलं ते टेबल, त्याच्या पोटाखाली उलटा टांगलेला राउटर, लाकडाच्या कडा कापायचं मशीन, वरच्या भोकातून फक्त बिटाचं पातं बाहेर यायचं. आता बिट नाही, भोक रिकामं. बिट पोलिसांनी नेला तो नेलाच.

भिंतीला टेकून पाट. आमच्या गणपतीचा, नवा, फणसाचा. तीन बाजूंच्या कडांना गोलाई काढलेली. चौथी बाजू कोरी.

आये बाहेरूनच म्हणाली, "उगडलंस?"
"होय."
"बरा केलंस." आणि गेली वडे ऊन करायला.

१० जुलै
नाना मूर्तिकार गळती छत्री घेऊन दारात. "पाट कधी धाडतंस गो? नागपंचमीपर्यंत इलो नाय तर माझ्यान जमाचा नाय. गणपती काय हवेत बसवू?"

त्याचंही बरोबर आहे. प्रत्येक घरचा पाट आधी त्याच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवायच्या कारखान्यात, जातो, मग त्यावर माती चढते. गेल्या वर्षी सुतक, गणपती आणला नाही. जुना पाट वाळवीने खाल्ला, म्हणून तर हे नवा करायला बसले होते.

मी म्हटलं, बाजारातून आणते. आये लगेच, "माझ्या झिलान सुरू केल्लो तोच पाट जातलो."
"आणि चौथी बाजू कोण करतलो?"
माझ्याकडे बघत राहिली.
"माका कित्या बघतास?"
"मगे कोणाक बघू?"

नाना चहा न पिता गेला. नागपंचमी २९ ला.

१२ जुलै
गुरुनाथ आला मालवणहून, भर पावसात मोटरसायकलवर. ह्यांचा दोस्त, ह्यांच्यासारखाच सुतार. पाट बघितला नि म्हणाला, "वयनी, पाच मिनटांचा काम. माका दिया."
मी नाही म्हटलं. का ते नाही सांगितलं. मग शिकवा तरी, म्हटलं. डोकं खाजवलं त्याने, पण शिकवलं.

विसरू नये म्हणून उतरवते.
बिट बदलताना प्लग भिंतीतून बाहेर. नुसतं स्विच बंद करून भागत नाही.
बिटाचा दांडा कोलेटात, म्हणजे तो पकडणाऱ्या तोंडात, पूर्ण आत घालायचा, मग केसभर वर घ्यायचा, मग दोन पान्यांनी आवळायचं. नुसत्या बोटांनी फिरवलं की घट्ट झाल्यासारखं वाटतं. वाटतं फक्त.
फळी उजवीकडून डावीकडे सरकवायची. राउटर हातात धरून चालवताना उलट. इथेच भलेभले फसतात म्हणे. चुकीच्या बाजूने घातली तर बिट फळी खेचून घेतो, मागोमाग हात.
फळी नेहमी बिटाच्या एकाच अंगाला. बिट आणि मागची आडपट्टी ह्यांच्या फटीत कधीच नाही.
एका दमात खोल कापायचं नाही. थोडं थोडं, तीन-चार वेळा.
हात फळीवर नाही. ढकलायला लाकडी ठोकळा आहे, तो वापरायचा.
हातमोजे नाहीत. चष्मा हवा. पदर खोचून, केस बांधून.

गुरुनाथ म्हणाला, "सुरू करुच्या आदी बोटां मोजा, बंद केल्यार परत मोजा. दोनय येळा धा व्हयी." हसला. मग एकदम हसायचा थांबला. मीही.

भंगारातला एक बिट देऊन गेला. ह्यांच्या बिटासारखाच, त्याच गोलाईचा.

१३ जुलै
जेवताना आये म्हणते, "सुमन, वर्सभर सकाळची 'होय म्हाराजा, होय म्हाराजा' करतंस. आज नाय केलंस ता?"
"मी? कधी?"
"रांधताना. रोज. मी देवाकडे बसलंय की माका ऐकाक येता."

आयेला दारातला पोस्टमन ऐकू येत नाही. पण हे येतं!

वर्षभरात मी तो शब्द तोंडातून काढलेला नाही. देवळात गाऱ्हाणं चालतं, सगळा गाव एका सुरात 'होय म्हाराजा' म्हणतो, मी तोंड मिटून उभी असते. बाजूच्या बायकांनी बघितलंय. बघू देत.

तिला म्हटलं, तुमका भास झालो. म्हणाली, "मगे तुझोच आवाज कित्या?"

१५ जुलै
आज पडवीत पहिल्यांदा काम. प्लग बाहेर, नुसता सराव.

ह्यांचं मशीनचं गाऱ्हाणं लिहून ठेवायला हवं, नाहीतर माझ्याबरोबर जाईल. मशीन घेतलं तेव्हा थट्टेत रचलेलं, पण मग नेमच झाला. टेबलासमोर हात जोडून देवळातल्यासारखं मोठ्याने:
"बा देवा म्हाराजा, प्लग भायर आसा रे म्हाराजा!" — मी: होय म्हाराजा.
"कोलेट दोन पान्यांनी आवळलो आसा रे म्हाराजा!" — होय म्हाराजा.
"फळी उजवीकडसून जाता रे म्हाराजा!" — होय म्हाराजा.
"आणि काय वाकडा-नाकडा आसात ता सरळ कर रे म्हाराजा!" — होय म्हाराजा.

म्हणायचं त्यांनी, होय म्हणायचं मी. पण बघून. असा करार. पहिले दोन महिने मी शेजारी उभी राहून बोट लावून बघायची. मग दारातून बघायला लागले. मग स्वयंपाकघरातूनच.

आज मी त्यांच्या जागी उभी राहिले. हसू पण आलं, रडू पण. म्हटलं, "बा देवा म्हाराजा, प्लग भायर आसा रे म्हाराजा."
स्वयंपाकघरातून आलं, "होय म्हाराजा."

आये देवळात गेलेली. घरात कोणी नाही. गॅस बंद.
जाऊन बघितलं. तवा थंड. ओट्यावर मांजर, तेही झोपलेलं.

१६ जुलै
भास असेल. उपास होता काल.

सकाळी बिट बसवला. गाऱ्हाणं म्हटलं नाही, मनातल्या मनात यादी केली. प्लग लावला, स्विच दाबला. भोंगा वाजावा तसा आवाज, छातीत थरथर. टाकाऊ फळीचा तुकडा उजवीकडून घातला, निम्म्यावर आला आणि लाइट गेली. मी फळी काढून ठेवली, चहा करायला गेले.
वीसेक मिनिटांनी लाइट आली. पडवीत मशीन आपोआप सुरू!

धावत दारापर्यंत आले. मग लक्षात आलं, माझाच गाढवपणा, स्विच चालूच ठेवून गेले होते. लाइट गेली की आधी स्विच बंद, प्लग बाहेर. गुरुनाथने नव्हतं सांगितलं, पण सांगायला कशाला हवं? तेवढ्यात पदर भोकावरून गेला असता तर? शिरा पडो माझ्या तोंडार.

बोटं मोजली. दहा.

एक गोष्ट लिहू की नको. मशीन घरघरत होतं, मी दारात उभी, आणि मागे स्वयंपाकघरात बांगड्या वाजल्या. काचेच्या. माझ्या हातात वर्षभर काचेची बांगडी नाही.

१८ जुलै
गुरुनाथने कानांवर घालायची टोपणं पाठवली एसटीच्या कंडक्टरबरोबर. मशीनच्या आवाजाने कान जातात म्हणे. मला बरंच वाटलं, त्या दुसऱ्या आवाजापासूनही सुटका.

टोपणं घातली. पाऊस बंद, कोंबडे बंद, जग बंद. गाऱ्हाणं म्हणून बघितलं, आता काय करशील म्हणून.
"कोलेट आवळलो आसा रे म्हाराजा."
"होय म्हाराजा."

टोपणांच्या आत. कानाला लागून. आणि आता नीट ऐकू आलं, म्हणून कळलं. आये बरोबर बोलली. आवाज माझाच आहे. घाईतला, अर्धं लक्ष असलेला. मागे तेलाचा चर्र आवाज. तव्यावर बांगडे असताना मी अशीच बोलते.

टोपणं फेकून दिली. मग उचलून पुसून ठेवली, दुसऱ्याची वस्तू.

२० जुलै, रविवार
आये भजनाला. ठरवून केलं.

प्लग बाहेर काढून बाजूला ठेवला, स्वतःच्या डोळ्यांनी दोनदा बघितला. बिट कोलेटात नुसता उभा केला, आवळलाच नाही. बोट लावलं तरी डुगडुगत होता. म्हटलं, "कोलेट दोन पान्यांनी आवळलो आसा रे म्हाराजा!"
"होय म्हाराजा."
लगेच. विचारसुद्धा नाही.

"फळी डावीकडसून जाता रे म्हाराजा!"
"होय म्हाराजा."

"माझी बोटां बिटार आसत रे म्हाराजा!"
"होय म्हाराजा."

मला राग आला. असा राग आयुष्यात आला नव्हता. ओरडले, "गो सटवे, तुझो घोव जितो आसा काय गो?"
"होय म्हाराजा."

तिच्याकडे नवरा जिवंत आहे. तेल चरचरतंय. बांगड्या वाजतायत. मजेत आहे ती.

मी फरशीवर बसले. ह्याच फरशीवर. गेल्या वर्षी मी तीनदा धुतली, तरी टेबलाच्या पायाशी एक डाग राहिलाच आहे.

२१ जुलै
काही नाही. पडवी बंद. आयेने विचारलं नाही.

२२ जुलै
गुरुनाथचा फोन. झालो काय पाट? म्हटलं, होतलो. खोटं बोलले. कोणी काही विचारलं की तोंडातून पहिलं होय निघतं माझ्या, ही सवय मरणार कधी?

पाट देऊन टाकावा का त्याला? पाच मिनिटांचं काम. आयेचा गणपती येईल, नाना गप्प बसेल. आणि मी जन्मभर त्या स्वयंपाकघरात रांधत राहीन, तिच्याबरोबर.

२३ जुलै
आज सांगितलं आयेला. नारळ किसत होती. मी समोर बसले नि एका दमात बोलले, थांबले असते तर परत कधी जमलं नसतं.

की त्या दिवशी हे चौथ्या बाजूसाठी बिट परत बसवत होते. बोटांनी फिरवला असणार, तेवढ्यात फोन आला. फोनवर कोणाशी तरी हसत होते. परत आले, पाने तसेच पडलेले, ते मी नंतर बघितले, आणि गाऱ्हाणं सुरू केलं. कोलेट आवळलो आसा रे म्हाराजा. मी तव्यावर बांगडे उलटत होते. होय म्हाराजा. मी वळूनसुद्धा बघितलं नाही. त्यांचा माझ्या होयवर विश्वास. मशीन सुरू झालं, आणि मिनिटाभरात बिट निसटला तो मांडीत. गाडीतच संपलं सगळं, कणकवलीचा रस्ता निम्मा व्हायच्या आत.

सगळे म्हणाले नशीब. मी पण मान हलवली.

आयेने किसणं थांबवलं नाही. मग म्हणाली, "माका ठावक आसा."
"काय ठावक आसा?"
"मी थंयच बसलेलंय गो. दारात. फुलां वेचत. पाने खाली पडलेले, माका दिसत होते. माका वाटला, सुमन होय म्हणता म्हणजे बघलेला असतला."

तिने विळी आडवी केली. हात पुसले. मग रडली. वर्षभरात तिला रडताना बघितलं नव्हतं, मला वाटायचं म्हातारी दगडाची आहे. मीही रडले. दोघी खूप वेळ, नारळ तसाच.

मग तिनेच विचारलं, "ता आजून म्हणता काय गो? तुझ्या आवाजात?"
"म्हणता."
"माका वाटला माझे कान गेले."

२५ जुलै
आये पडवीत आली. वर्षात पहिल्यांदा. स्टूल ओढून टेबलाशी बसली, चष्मा लावून, पदर खोचून, देवळात मानाला बसावी तशी.

नियम तिने घातला. "तू म्हण. मी बोट लावतलंय. मगच होय."

सराव, टाकाऊ फळीवर. "प्लग भायर आसा रे म्हाराजा."
स्वयंपाकघरातून लगेच, "होय म्हाराजा."
आयेने तिकडे मान फिरवली. मग वाकली, वायर हातात धरून टोकापर्यंत बघितली. "होय म्हाराजा."

कोलेटाला तिने दोन्ही पाने स्वतः लावून बघितले. सत्तरी ओलांडलेली बाई, मनगटात अजून जोर आहे. "जरा हालता गो. आवळ." खरंच पाव फेरा बसला. आतली होय म्हणून मोकळी झाली होती.

प्रत्येक वेळी असंच. आधी ती, न बघता. मग आये, बघून.

फळी चारदा सरकवली, थोडी थोडी. गोलाई गुळगुळीत निघाली. भुसा नाकात, फणसाचा तो गोडसर वास. ह्यांच्या शर्टाला असायचा. दोघींची बोटं मोजली. वीस.

आये जाताना स्वयंपाकघराच्या दारात थांबली आणि रिकाम्या ओट्याला म्हणाली, "बघ गो बाय जरा. नुसता होय होय करू नको."

२७ जुलै
आज शेवटचा सराव. आतला होय उशिरा आला. प्लगला लगेच आला, पण कोलेटाला नाही. आयेने पाने लावले, बघितलं, होय म्हटलं, त्यानंतर आतून आलं. हळू. विचारल्यासारखं.

आये म्हणाली, "ऐकलंस?"
मी मान हलवली. तेल चरचरायचं थांबलं होतं.

उद्या पाट. परवा नागपंचमी. नानाला निरोप धाडला, उद्या संध्याकाळपर्यंत पाट शाळेत. त्याचा उलट निरोप, "चौथी बाजू बाकी असली तरी घेवन ये, भिंतीकडे फिरवतंय." म्हणजे गावाला माहीत आहे. काय काय माहीत आहे देव जाणे.

फिरवणार नाही. पुढेच ठेवायची ती बाजू.

२८ जुलै, सोमवार
हे पडवीतच लिहितेय, सुताराच्या पेन्सिलीने. मध्येच थांबून लिहावं लागतंय, का ते खाली.

अकरा वाजता बसलो. पाऊस ओसरलेला. पाट टेबलावर, कोरी बाजू बिटाकडे. चष्मा, टोपणं गळ्यात, केस बांधले, पदर खोचला. बोटं मोजली, वीस. बिट नवीन बसवला, पूर्ण आत, केसभर वर, दोन पाने. आडपट्टीचे नट आवळले. आयेने एकेकाला हात लावला.

हात जोडले. "बा देवा म्हाराजा, प्लग भायर आसा रे म्हाराजा."
आतून काही नाही.
आये वायर बघून म्हणाली, "होय म्हाराजा."

"कोलेट दोन पान्यांनी आवळलो आसा रे म्हाराजा."
आतून काही नाही. आये पाने लावून, "होय म्हाराजा."

"फळी उजवीकडसून जाता रे म्हाराजा."
आयेने पाट कुठून कुठे जाणार ते बोटाने हवेत रेघ ओढून दाखवलं. मी मान हलवली. "होय म्हाराजा."

आत चिडीचूप. मला वाटलं, गेली. सुटले. आणि खरं सांगते, वाईट वाटलं.

"आणि काय वाकडा-नाकडा आसात ता सरळ कर रे म्हाराजा."
आयेने तोंड उघडलं, आणि आत गॅसचं बटण फिरलं. टक्. तवा खाली ठेवल्याचा आवाज. मग माझा आवाज, नेहमीसारखा घाईतला नाही, स्वच्छ:
"थांबा हां. चालू करू नकात. बघूक येतंय मी."

आयेने माझं मनगट धरलं. "थांब. येऊ दी तिका."

प्लग अजून बाहेर आहे. मी परत बघितलं. आयेनेही बघितलं. पाटावरचे हात काढून मी वही घेतलीय, नाहीतर काय करू?

बांगड्या वाजतायत. स्वयंपाकघरातून माजघरात, माजघरातून इकडे. सावकाश, हात पुसत पुसत यावं तशी येतेय. पडवीची पायरी वाजली आता. आयेने स्टूल बाजूला सरकवलं, तिला टेबलाशी उभं राहायला जागा केली.

आम्ही दोघी थांबलोय. चौथी बाजू अजून कोरी आहे.